अडकलेला घास : गॅस्ट्रिक बँडनंतरचे खाणे

वजन कमी करण्यासाठी जठराभोवती बँड बसवून घेतलेल्या बहुतेकांना घास अडकण्याचा अनुभव कधी ना कधी येतो. जेवणाला नुकतीच सुरुवात झालेली असते, आणि चार-पाच घासांतच छातीच्या मधोमध दडपण येते, तोंडाला पाणी सुटते, बोलणे नकोसे होते आणि ताटावरून उठावे लागते. असे एखाद्या वेळी घडले तर घाबरण्याचे कारण नसते. शांतपणे सांभाळले तर अडकलेला घास बहुधा आपोआप सुटतो. वारंवार घडत असेल, तर मात्र त्याची सवय करून घेणे धोक्याचे आहे. अन्न अडकते म्हणजे बँड चोख काम करतो आहे, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. योग्य जुळवलेल्या बँडमधून सावकाश खाल्लेले अन्न खाली उतरते. ते उतरत नसेल, तर घासाचा आकार, खाण्याचा वेग, पदार्थ किंवा बँडचा घट्टपणा यांपैकी काहीतरी बिघडलेले असते.

बँडची रचना

गॅस्ट्रिक बँड ही सिलिकॉनची कडी असते. अन्ननलिका जठराला मिळते त्याच्या लगेच खाली, जठराच्या अगदी वरच्या भागाभोवती, ती दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने बसवतात. कडीच्या वर जठराचा छोटासा कप्पा राहतो. त्यात साधारण १५ ते ३० मिलिलिटर, म्हणजे एक-दोन मोठे चमचे एवढेच मावते. कडीच्या आतल्या बाजूला फुगवता येणारे अस्तर असते. तिथून निघालेली बारीक नळी पोटाच्या भिंतीत, त्वचेखाली बसवलेल्या पोर्टला जोडलेली असते. पोर्टमधून सलाईन भरले की अस्तर फुगते आणि कडी आवळते. सलाईन काढून घेतले की ती सैल होते. या शस्त्रक्रियेत जठर कापत नाहीत, आतड्याचा मार्ग बदलत नाहीत आणि पुढे गरज पडल्यास बँड काढताही येतो.

असा कमी-जास्त आवळता येणारा बँड १९८०च्या दशकात आकाराला आला. स्वीडनमध्ये डाग हालबर्ग व पेटर फोर्सेल आणि अमेरिकेत मूळचे युक्रेनचे सर्जन लुबोमिर कुझमाक यांनी जवळपास एकाच काळात त्यावर काम केले. १९९३ मध्ये बेल्जियममध्ये मितिकु बेलाच्यू यांनी तो दुर्बिणीने बसवला आणि पोट न उघडता करता येणारी शस्त्रक्रिया म्हणून त्याचा झपाट्याने प्रसार झाला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००१ मध्ये ‘लॅप-बँड’ला मान्यता दिली. ऑस्ट्रेलियात मेलबर्नचे सर्जन पॉल ओब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बँडचा वर्षानुवर्षे अभ्यास केला; बँड लावलेल्या माणसाने कसे खावे, याविषयीचे बरेचसे ज्ञान तिथूनच आले आहे.

पुढे ओघ बदलला. अमेरिकेत २०११ मध्ये वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियांपैकी सुमारे एक तृतीयांश बँडच्या होत्या. २०१९ मध्ये हे प्रमाण जेमतेम एक टक्क्यावर आले. त्यांची जागा मुख्यतः जठराचा मोठा भाग काढून टाकणाऱ्या स्लीव्ह शस्त्रक्रियेने घेतली. भारतातही आता स्लीव्ह आणि आतड्याचा मार्ग बदलणारी बायपास याच शस्त्रक्रिया प्रामुख्याने होतात. तरीही पूर्वी बसवलेले बँड जगभरात लाखो लोकांच्या पोटात आहेत. त्यांची माहिती असलेले डॉक्टर मात्र कमी होत चालले आहेत. म्हणून रुग्णाला आणि घरच्यांना या विषयाची जाण असणे पूर्वीपेक्षा अधिक गरजेचे झाले आहे.

घास खाली कसा उतरतो

एरवी गिळलेला घास अन्ननलिकेच्या आकुंचनाच्या लाटेबरोबर सुमारे दहा सेकंदांत जठरात पोहोचतो. बँड असलेल्या माणसात त्याला अरुंद वाटेतून जायचे असते. नीट चावलेला छोटा घास एका दमात पलीकडे जात नाही. अन्ननलिका त्याला पुन्हा पुन्हा ढकलते. दोन ते सहा वेळा दाब पडतो आणि दर वेळी घासाचा थोडा थोडा भाग कडीपलीकडे सरकतो. याला साधारण मिनिटभर लागू शकते.

या मिनिटभरातच बँडचे खरे काम होते. आकुंचनांमुळे कडीखालच्या जठराच्या भिंतीवर दाब पडतो, तिथल्या चेतातंतूंकडून व्हेगस चेतेमार्फत मेंदूला संदेश जातो आणि थोड्याशा अन्नावर भूक शमते. वरचा कप्पा अन्नाने गच्च भरून राहतो आणि म्हणून माणूस कमी खातो, अशी पूर्वी समजूत होती. प्रत्यक्षात बरोबर जुळवलेल्या बँडमध्ये तो कप्पा जवळपास रिकामाच असतो. पुढचा घास येण्याआधी आधीचा पलीकडे गेलेला असला पाहिजे. तो गेलेला नसताना दुसरा आणि तिसरा घास गिळला, तर अन्न एकावर एक साचते, कप्पा आणि अन्ननलिकेचा खालचा भाग ताणला जातो आणि दुखू लागते. अडकण्याचे सर्वांत नेहमीचे कारण हेच आहे. दुसरे कारण म्हणजे कडीतून जाणारच नाही असा मोठा, चिवट किंवा नुसता चिकट गोळा.

अडकल्यावर शरीरात काय होते

पहिली जाणीव छातीच्या हाडामागे होते. काहीतरी रुतून बसल्यासारखे वाटते, दडपण वाढत जाते, कधी कळ पाठीत किंवा खांद्यापर्यंत जाते. अन्ननलिका अडथळ्यावर पुन्हा पुन्हा आकुंचन पावते, त्यामुळे कळ लाटेसारखी येते आणि ओसरते. अन्ननलिका ताणली गेली की लाळग्रंथी आपोआप अधिक लाळ सोडतात. खालची वाट बंद असल्याने ही लाळ अडकलेल्या घासावरच साचते आणि अन्ननलिकेतल्या चिकट स्रावात मिसळून तिचा बुळबुळीत फेस होतो. हा फेस तोंडात येऊ लागतो, गिळावा तर दडपण आणखी वाढते. काहींना उचकी लागते, काहींच्या नाकाडोळ्यांतून पाणी येते.

शेवटी दोनपैकी एक गोष्ट घडते. घास हळूहळू मऊ होऊन खाली सरकतो आणि दडपण एकदम मोकळे होते. किंवा तो फेसासह उलटून वर येतो. हे उलटून येणे नेहमीच्या ओकारीपेक्षा वेगळे असते. आधी मळमळ होत नाही, आणि अन्न जठरातल्या आम्लापर्यंत पोहोचलेलेच नसल्याने त्याला आंबट वासही नसतो. ते चावले होते तसेच बाहेर येते. हा सगळा प्रकार काही मिनिटांत आटोपतो, कधी तासाभरापेक्षाही अधिक लांबतो.

इथे आणखी दोन प्रसंग ओळखता आले पाहिजेत. घास श्वासनलिकेत गेला असेल, तर माणसाला बोलता येत नाही, खोकता येत नाही, चेहरा निळसर पडू लागतो. ती क्षणाक्षणाची बाब असते. पाठीवर जोरकस थापा आणि पोटावर वरच्या दिशेने दाब हे प्रथमोपचार तत्काळ करावे लागतात. बँडपाशी अडकलेल्या घासाने श्वास आणि बोलणे बंद पडत नाही. दुसरा प्रसंग हृदयविकाराचा. छातीतले दडपण खाण्याशी जोडलेले नसेल, दरदरून घाम, धाप, जबड्यात किंवा हातात कळ अशी लक्षणे असतील, तर ‘बँडचेच असेल’ म्हणून घरी थांबू नये. जास्त वजन, मधुमेह आणि उच्च रक्तदाब यांचा इतिहास असलेल्या माणसाने याबाबत तर अधिकच सावध असावे.

त्या वेळी काय करावे

पहिला नियम : खाणे तत्क्षणी थांबवावे. ‘हा एक घास संपवतो’ हेही नको. आणखी एक घास म्हणजे अडथळ्यावर आणखी भर.

दुसरा नियम पाण्याचा आहे, आणि तो पाळणे सर्वांत अवघड जाते. घास अडकला की पाणी प्यायचे, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेले असते. बँडच्या बाबतीत ते उलटते. पाणी घासाला ढकलून खाली नेत नाही. ते त्याच्यावर साचते, दडपण वाढवते आणि लाळेसकट वर येते. त्यातले थोडे श्वासनलिकेत गेले तर फुप्फुसाला इजा होऊ शकते. म्हणून दडपण पूर्ण ओसरेपर्यंत पाणीही घेऊ नये.

मग उभे राहावे किंवा ताठ बसावे, सावकाश येरझाऱ्या घालाव्यात, खांदे सैल सोडून संथ श्वास घ्यावा. घाबरल्याने स्नायू आणखी आखडतात. आडवे होऊ नये. तोंडात येणारी लाळ गिळू नये, एखाद्या भांड्यात किंवा रुमालात थुंकावी. अन्न आपोआप वर आले तर येऊ द्यावे. घशात बोटे घालून ओकारी काढू नये. जोराने उमासे काढल्याने जठराचा भाग कडीतून वर सरकू शकतो, आणि मग साधा अडकलेला घास शस्त्रक्रियेपर्यंत जाऊन पोहोचतो.

घरगुती उपायांचीही चर्चा होते. पपई किंवा अननसाचा रस घेतल्याने अडकलेले मांस विरघळते, असे सांगतात. वाट बंद असताना तो रसही पाण्यासारखाच वर साचतो. मांस मऊ करण्याची पपेनयुक्त पूड तर मुळीच घेऊ नये. तिने अन्ननलिकेलाच इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. सोडा किंवा फसफसणारी पेये घेतल्यास त्यातला वायू कोंडून कळ वाढते.

दडपण गेल्यावर

घास सुटला की भूक लागलेली असते आणि ताट समोरच असते. तरीही जेवण पुन्हा सुरू करू नये. ओढाताणीने कडीजवळचे अस्तर सुजलेले असते आणि आधीच अरुंद वाट आणखी अरुंद झालेली असते. त्याच संध्याकाळी पोळी खाल्ली तर ती अडकण्याची शक्यता अधिक, आणि पुन्हा अडकली की सूज आणखी वाढते. हे चक्र तोडण्यासाठी पुढचे साधारण २४ तास केवळ पातळ पदार्थ घ्यावेत : आधी कोमट पाण्याचे छोटे घोट, मग ताक, दूध, गाळलेले सूप, वरणाचे वरचे पाणी. दुसऱ्या दिवशी दही, घोटलेले वरण, अगदी पातळ मुगाची खिचडी. त्रास नसेल तर त्यानंतर नेहमीचे जेवण.

प्रसंग ओसरल्यावर काय खात होतो, कितव्या घासाला अडकले, घाई होती का, दिवसाची वेळ कोणती, हे वहीत टिपून ठेवणे फार उपयोगाचे ठरते. महिन्याभराच्या नोंदींतून कारण बहुधा स्पष्ट दिसते, आणि बँड किती घट्ट ठेवावा हे ठरवताना डॉक्टरांनाही त्यांचा आधार मिळतो.

दवाखाना कधी गाठावा

स्वतःची लाळही गिळता येत नसेल, तर वाट पूर्ण बंद झाली आहे असे समजून लगेच रुग्णालयात जावे. काही तास उलटूनही घोटभर पाणी खाली राहत नसेल, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. न थांबणारी तीव्र कळ, ताप, धाप, उलटीत रक्त किंवा डांबरासारखी काळी शौच ही तातडीची लक्षणे आहेत. लघवी कमी आणि गडद होणे हे शरीरातले पाणी घटल्याचे चिन्ह आहे.

रुग्णालयात पहिला उपाय बहुधा साधा असतो. त्वचेवरून पोर्ट चाचपून, जागा निर्जंतुक करून, खास सुईने बँडमधले सलाईन काढून घेतात. कडी सैल होते आणि पुष्कळदा काही मिनिटांतच रुग्णाला हायसे वाटते. या कामाला पोर्टच्या पडद्याला कायमचे भोक न पाडणारी सुईच लागते. नेहमीची इंजेक्शनची सुई वापरल्यास पोर्ट गळू शकतो. सैल करूनही घास सुटला नाही, तर एंडोस्कोपीने तो काढतात. बँड जागेवर आहे की सरकला आहे, हे पाहण्यासाठी एक्स-रे, आणि गरजेनुसार एक्स-रेत दिसणारे औषध पाजून तपासणी करतात. रात्री-अपरात्री भेटलेल्या डॉक्टरला बँडचा अनुभव नसू शकतो. म्हणून ‘बँड बसवलेला आहे, तो सैल करावा लागेल’ हे रुग्णाने किंवा घरच्यांनी आरंभीच सांगावे.

अनेक दिवस उलट्या होत राहिल्या, तर आणखी एक धोका असतो. शरीरातला ब-१ जीवनसत्त्वाचा साठा थोड्याच आठवड्यांत संपतो. त्यानंतर दुहेरी दिसणे, चालताना तोल जाणे, बोलण्या-वागण्यात गोंधळ अशी लक्षणे दिसू लागतात. उपचार लांबले तर मेंदूला कायमची इजा होते. अशा रुग्णाला ग्लुकोजची बाटली लावण्याआधी किंवा तिच्याबरोबर ब-१ देणे आवश्यक असते.

घास, चावणे आणि थांबणे

अडकणे टाळण्याची सर्वांत मोठी गुरुकिल्ली खाण्याच्या रीतीत आहे. घास करंगळीच्या नखाएवढा असावा. हाताने जेवताना घास नकळत मोठा होतो, म्हणून निदान सुरुवातीचे काही महिने लहान मुलांचा चमचा वापरणे सोपे जाते. घास तोंडात पूर्ण लगदा होईपर्यंत, साधारण वीस सेकंद चावावा. लगदा होत नसेल तर गिळू नये, बाहेर काढून टाकावा. गिळल्यावर चमचा खाली ठेवावा आणि मिनिटभर थांबावे. या मिनिटात आधीचा घास पलीकडे जातो. चमचा हातात राहिला की तो आपोआप पुन्हा भरला जातो.

या हिशेबाने वीस मिनिटांत पंधराच घास होतात, आणि तेवढे पुरेसे असतात. वाटीभर अन्नात भूक शमली पाहिजे. पोट तट्ट भरेपर्यंत खाण्याची खूण बँडमध्ये चालत नाही; भूक गेली की थांबायचे. पुष्कळांना अडकण्याच्या आधी शरीर सूचना देते : एकच उचकी, खोल उसासा, नाकातून पाणी, शिंक. ही आपली खूण ओळखून तिथेच थांबणाऱ्याला पुढचा त्रास सहसा होत नाही.

पहिले काही घास सर्वांत जोखमीचे असतात, कारण तेव्हा भूक आणि घाई दोन्ही असतात. फार वेळ उपाशी राहून जेवायला बसू नये आणि सुरुवात ओलसर, मऊ पदार्थाने करावी. अनेकांना बँड सकाळी अधिक आवळल्यासारखा वाटतो. अशांनी सकाळी गरम पेय किंवा पातळ पदार्थ घेऊन घन आहार दुपारनंतर ठेवावा. ताण, घाईचा प्रवास, काही स्त्रियांच्या बाबतीत पाळीआधीचे दिवस, यांतही असाच फरक जाणवतो. जेवताना सहसा पाणी पीत नाहीत. ते जेवणाआधी आणि जेवणानंतर अर्ध्या तासाने, पण दिवसभरात भरपूर, घोट घोट घ्यावे.

मराठी ताटातले पदार्थ

पाश्चात्त्य पुस्तकांत पाव, पास्ता आणि स्टेक यांपासून सावध केलेले असते. मराठी घरात त्यांच्या जागी पोळी, भात आणि मटण येते. ताजी मऊ पोळी चावल्यावर तिचा चिकट गोळा होतो आणि तो कडीवर बसतो. पावाचेही तसेच, म्हणून वडापाव आणि पावभाजी हे अडकण्याचे नेहमीचे प्रसंग. कोरडे, कुरकुरीत होणारे पदार्थ उलट सहज मोडतात. खाखरा किंवा कडक भाजलेला टोस्ट बारीक चावून खाल्ल्यास पुष्कळांना चालतो. भाकरी आमटीत किंवा दुधात कुस्करून, भिजू देऊन खावी. मोकळ्या भातापेक्षा घोटलेला गुरगुट्या भात बरा. साबुदाण्याची खिचडी आणि उकडीचे मोदक यांचा चिकटपणा त्रासदायक ठरू शकतो.

मटणाचे आणि कोरड्या चिकनचे धागे चावूनही पूर्ण सुटत नाहीत. त्याऐवजी रश्शातला खिमा किंवा पापलेटसारखा मऊ मासा घ्यावा. उकडलेल्या अंड्याचा रबरासारखा पांढरा भाग काहींना अडकतो, तर ओलसर भुर्जी उतरते. शेवग्याच्या शेंगा, गवारीच्या शिरा, पालेभाज्यांचे देठ, मक्याचे दाणे, खोबऱ्याचे तुकडे, टोमॅटोची साल आणि संत्र्याच्या फोडीवरचा पापुद्रा हे सर्व जपून खाण्याचे किंवा टाळण्याचे पदार्थ. प्रत्येकाचे शरीर वेगळे असते, म्हणून नवा पदार्थ एका वेळी एकच आणि घरी असताना करून पाहावा.

पाहुणचार हाही या विषयाचा भाग आहे. लग्नाच्या पंगतीत, सणावाराला, ‘एवढीशी तर घे’ म्हणत होणारा आग्रह बँड असलेल्या माणसाला संकटात टाकतो. बोलण्याच्या नादात घास मोठा होतो, चावणे कमी होते, आणि चारचौघांत उठून जावे लागण्याची भीती त्यात भर घालते. काही जण या लाजेने लोकांत जेवणेच सोडतात. घरच्यांनी ताट लहान ठेवावे, वाढताना विचारावे, ‘नको’ म्हटल्यावर थांबावे आणि उठून जावे लागले तर त्याचा गवगवा करू नये. यजमानांना आधी दोन शब्दांत कल्पना दिलेली असली की पुष्कळ ओढाताण टळते.

घट्ट म्हणजे चांगला नव्हे

मेलबर्नच्या ओब्रायन यांनी बँडची स्थिती पिवळा, हिरवा आणि लाल अशा तीन टप्प्यांत समजावली आहे. पिवळ्या टप्प्यात बँड सैल असतो : दोन जेवणांच्या मध्ये भूक लागते, जेवण मोठे होते. हिरव्यात थोड्या अन्नावर समाधान होते आणि वजन हळूहळू उतरते. लाल टप्प्यात बँड जास्त घट्ट असतो : घन पदार्थ अडकतात, अन्न उलटून येते, छातीत जळजळते, रात्री खोकला येतो किंवा आडवे झाल्यावर तोंडात पाणी येते.

लाल टप्प्यात वजन अधिक वेगाने उतरेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. घडते ते उलटे. भाजी, उसळ, मासा अडकतो म्हणून माणूस ते टाळू लागतो, आणि जे विनासायास उतरते त्याकडे वळतो : आइस्क्रीम, श्रीखंड, चॉकलेट, बिस्किटे, मिल्कशेक. हे पदार्थ बँडला चुकवून जातात, पोट भरल्याची जाणीव देत नाहीत आणि उष्मांक मात्र भरपूर देतात. प्रथिने कमी पडतात, केस गळतात, थकवा येतो, आणि वजन थांबते किंवा वाढते. बाहेरून ही माणसाची बेशिस्त दिसते. मूळ कारण बँडच्या घट्टपणात असते. म्हणून सतत मऊ अन्नावर राहणे हा अडकण्यावरचा उपाय नाही. घन आहार पुन्हा खाता येईल इतका बँड सैल करून घेणे, हा उपाय आहे.

सलाईन भरण्याचे काम शस्त्रक्रियेनंतर साधारण चार ते सहा आठवड्यांनी सुरू होते आणि ते टप्प्याटप्प्याने केले जाते. बँडच्या प्रकारानुसार त्याची एकूण क्षमता ४ ते १४ मिलिलिटरच्या दरम्यान असते, आणि अर्ध्या मिलिलिटरनेही मोठा फरक पडू शकतो. भरल्यानंतर रुग्णाला पाणी प्यायला देतात. ते सहज उतरले तरच घरी जाऊ देतात. पुढचे एक-दोन दिवस पातळ आहार असतो. घरी गेल्यावर पाणी अडकू लागले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता परत जावे.

काही महिने बँडला हातही लावलेला नाही आणि अचानक अडकू लागले, तर तो वेगळा इशारा आहे. जठराचा भाग कडीतून वर सरकणे, वरचा कप्पा किंवा अन्ननलिका फुगणे, कडी जठराच्या भिंतीत रुतत आत जाणे, या सर्व गोष्टी अशा रीतीने समोर येऊ शकतात. त्यांचे निवारण चावण्याच्या सवयी बदलून होत नाही. तपासणीच करावी लागते. बेल्जियममधील सर्जन जाक हिंपेन्स आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये, बारा किंवा अधिक वर्षे उलटलेल्या ८२ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांपैकी सुमारे निम्म्यांचा बँड काढावा लागला होता आणि ६० टक्क्यांना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली होती. बँड काढावा लागणे हा रुग्णाचा पराभव नाही. त्या उपकरणाच्या ज्ञात मर्यादांचा तो भाग आहे. त्यानंतर अनेकांना स्लीव्ह किंवा बायपासचा पर्याय देता येतो.

औषधे आणि इतर खबरदारी

मोठ्या गोळ्याही अडकतात. पातळ औषध, विरघळणारी गोळी किंवा तुकडे करून घेण्याची मुभा आहे का, हे डॉक्टर किंवा औषधविक्रेत्याला विचारावे. दिवसभर हळूहळू सुटणाऱ्या गोळ्या कुटून घेऊ नयेत. आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके आणि हाडांच्या विरळपणावरील अलेंड्रोनेट ही औषधे अन्ननलिका किंवा जठराच्या अस्तराला इजा करू शकतात, म्हणून ती स्वतःहून घेऊ नयेत. गरोदरपणात उलट्या होत असतील किंवा पोषण कमी पडत असेल, तर बँड सैल करतात. कोणत्याही शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञाला बँडची माहिती द्यावी, कारण नेहमीइतके तास उपाशी राहूनही कडीच्या वर अन्न उरलेले असू शकते आणि भुलेत ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

बँड आहे तोवर त्याची देखरेख संपत नाही. ज्या शहरात किंवा देशात तो बसवला तिथून माणूस दूर गेला असेल, मूळ सर्जन निवृत्त झाला असेल, तरी जवळच्या बेरिॲट्रिक (वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियांच्या) विभागात नाव नोंदवून वर्षातून एकदा तपासणी करून घ्यावी. बँडचे नाव व प्रकार, बसवल्याची तारीख, पोर्टची जागा आणि आत सध्या किती सलाईन आहे, एवढी माहिती एका कार्डावर लिहून ते पाकिटात ठेवावे आणि घरातल्या एकाला तरी ते कुठे आहे हे ठाऊक असावे.